गुंठाभर जागा घेण्यापूर्वी

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याच्याजवळ वडिलार्जित जागा असली पाहिजे. नाहीतर त्याने घर बांधण्याच्या आधी जागा घेण्याचा उल्लेख नक्की केला असता. बांधकामात गवंडी फसवील, सिमेंट कमी पडेल, खिडकी वाकडी बसेल. पण ही दुखणी दिसतात तरी. जागेचे दुखणे दिसत नाही. ते कागदात असते आणि दहा-पंधरा वर्षांनी वर येते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा विषय का घेतला, असे काही मित्रांनी विचारले. आमच्या पाठ्यपुस्तकात बचत आणि गुंतवणूक यांवर प्रकरणे आहेत, तीत स्थावर मालमत्तेला चार ओळी आहेत. पण आपल्या घरांतून पाहिले तर शिक्षक, एस.टी.तले वाहक-चालक, कारखान्यातले कामगार, बँकेतले शिपाई या सगळ्यांची आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी म्हणजे गावाजवळचा दीड-दोन गुंठ्यांचा तुकडा किंवा दोन खोल्यांची सदनिका. शेअर बाजाराविषयी ज्यांना शंका येते ते लोक जागेच्या बाबतीत एका रविवारी निर्णय घेतात. आमच्या घरीही असेच झाले.

२००९ साली मी बालवाडीत होतो. वडील एस.टी.त वाहक. सांगलीच्या कडेला, उसाच्या फडाला लागून, एका शेतकरी गृहस्थाच्या सव्वा एकरातला दीड गुंठ्याचा तुकडा त्यांनी सव्वादोन लाखांना घेतला. पतपेढीचे कर्ज, आईच्या दोन पाटल्या आणि भविष्यनिर्वाह निधीतली उचल असे ते पैसे जमले होते. व्यवहार स्टँप पेपरवर, नोटरीच्या शिक्क्यासह. मध्यस्थाने सांगितले, "साहेब, सगळे असेच घेतात. नंतर नावावर होते." सगळे तसेच घेत होते हे खरे होते. नावावर मात्र झाले नाही. गेले दीड वर्ष वडिलांबरोबर मी तलाठी कार्यालय, दुय्यम निबंधक, भूमि अभिलेख आणि वकील अशा फेऱ्या मारतो आहे. त्या फेऱ्यांत जे शिकलो ते इथे लिहितो आहे. मी कायद्याचा विद्यार्थी नाही, त्यामुळे हा लेख वाचून कोणी वकिलाची फी वाचवू नये.

प्रथम मापाबद्दल. बोलताना आपण गुंठा म्हणतो, कागदावर मात्र हेक्टर-आर-चौरस मीटर असते. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०७६ चौरस फूट. आर आणि गुंठा यांत तेरा फुटांचा फरक आहे. तो लहान वाटतो, पण सांगताना गुंठा आणि मोजताना आर असे झाले की चौरस फुटाच्या भावाने पैसे मोजणाऱ्याला तो फरक बोचतो. शिवाय "दोन गुंठे" म्हणून विकलेल्या जागेत पुढचा रस्ता धरला आहे की नाही हे आधी विचारावे. आमच्या दीड गुंठ्यातला जवळजवळ पाव गुंठा रस्त्यात आहे, हे आम्हाला मोजणीच्या दिवशी कळले.

आता सातबारा. हा शब्द आपण इतक्या वेळा ऐकतो की तो वाचता येतो असा समज होतो. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंद. दोन्ही मिळून सातबारा. आता तो घरबसल्या संगणकावर काढता येतो, ही मोठीच सोय झाली. तो हातात आला की लोक फक्त विकणाऱ्याचे नाव शोधतात आणि ते सापडले की समाधान पावतात. खरे तर नावाच्या वर, भूधारणा पद्धतीपुढे काय लिहिले आहे ते आधी पाहावे. 'भोगवटादार वर्ग १' असेल तर मालकाला सामान्यतः विकण्याचा मोकळा हक्क असतो. 'वर्ग २' असेल तर थांबावे. वतनाची, इनामाची, शासनाने दिलेली किंवा कूळकायद्याने मिळालेली जमीन या वर्गात येते आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तिची विक्री करता येत नाही. कूळकायद्याच्या जमिनीबाबत २०१४ साली थोडी सवलत झाली. खरेदीचे प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे लोटली असतील तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून हे बंधन सुटते. पण ती रक्कम भरली आहे का, आणि तशी नोंद झाली आहे का, हे घेणाऱ्यानेच पाहायचे.

दुसरी जागा 'इतर हक्क' या रकान्याची. विकास सोसायटीचा बोजा, बँकेचे गहाण, कुळाचे नाव, शेजाऱ्याचा विहिरीतला हिस्सा, पुनर्वसनासाठी राखीव असल्याचा शेरा, 'तुकडा' हा एकच शब्द, हे सगळे तिथे असते. आमच्या गटावर सोसायटीचा बोजा होता. मध्यस्थ म्हणाला होता की तो ऊस गेला की फिटतो. उसाचे हंगाम येत गेले, बोजाही राहिला. तिसरी गोष्ट पिकांची. विकणारा "प्लॉट" म्हणत असतो आणि खाली बाराच्या नमुन्यात 'ऊस' लिहिलेले असते. म्हणजे जमीन अजून शेतीचीच आहे. आणि शेतजमीन घ्यायची तर घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो, हे १९४८च्या कूळकायद्याचे बंधन पश्चिम महाराष्ट्रात आजही आहे. मराठवाडा आणि विदर्भाचे कूळकायदे वेगळे आहेत, पण शेतकरी नसणाऱ्याने तिथेही आधी विचारूनच पुढे जावे.

सातबाऱ्यात नावाशेजारी कंसात जे आकडे असतात ते फेरफार क्रमांक. त्यांच्या नकला काढून क्रमाने वाचणे हे या सगळ्या उद्योगातले सर्वांत रंजक काम आहे. कोणाचा मृत्यू, कोणाची वाटणी, कोणी कोणाला दिलेले बक्षीसपत्र, मधेच आलेले आणि पुन्हा गेलेले एखादे नाव, असा एका कुटुंबाचा साठ-सत्तर वर्षांचा इतिहास त्या रुक्ष ओळींत असतो. मराठी हा माझा दुय्यम विषय असल्यामुळे असेल, मला तो कादंबरीसारखा वाटला. पण वाचताना लक्ष ठेवायचे ते गायब झालेल्या माणसांवर. आजोबांना पाच मुले होती आणि वारस नोंदीत तीनच नावे आहेत, तर उरलेली दोन कुठे गेली? साधारणतः तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा, असा रिवाज आहे. वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही द्यावी. तिचा खर्च त्या दीड-दोन गुंठ्यांच्या किमतीपुढे काहीच नाही.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण तो आमच्या घरी पंधरा वर्षे होता. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. तो महसुलाचा कागद आहे आणि त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानतात, इतकेच. मालकी येते ती नोंदवलेल्या खरेदीखताने. गावठाणातली किंवा नगर भूमापन झालेली जागा असेल तर सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका पाहायची असते.

आता त्या प्रसिद्ध दोन अक्षरांकडे येऊ. "एन.ए. आहे का?" असे विचारले की तीन प्रकारची उत्तरे मिळतात: आहे, होणार आहे, आणि "एन.ए.ची गरजच नाही." पहिल्या उत्तरावर आदेशाची प्रत मागावी आणि तो आदेश याच गटाचा आहे ना हे पाहावे. दुसऱ्या उत्तरावर घरी परत यावे. तिसरे उत्तर गमतीचे आहे, कारण ते कधीकधी खरे असते. जमीन महसूल संहितेत गेल्या दशकात झालेल्या दुरुस्त्यांमुळे मंजूर विकास आराखड्यातल्या निवासी जमिनीला पूर्वीसारखी वेगळी अकृषिक परवानगी लागत नाही. ठरलेला कर आणि आकारणी भरून बांधकाम परवानगीच्या वाटेने काम होते. पण यासाठी जमीन आराखड्यात निवासी पट्ट्यात असली पाहिजे. बाजारात याला 'येलो झोन' म्हणतात, कारण नकाशात तो पिवळा रंगवलेला असतो. शेतीचा हिरवा. रंग मध्यस्थाच्या मोबाइलवर पाहू नये. महापालिकेच्या किंवा नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्यावा. त्याच नकाशावर शाळेचे, बागेचे किंवा रस्त्याचे आरक्षण आपल्या तुकड्यावरून जाते की काय तेही कळते.

आणि झोन पिवळा असला तरी प्लॉट पाडण्याचे रेखांकन मंजूर असावे लागते. चुन्याच्या रेघा मारून, कोपऱ्यावर कमान उभारून आणि तिच्यावर एखाद्या देवाचे नाव घालून जे तयार होते त्याला रेखांकन म्हणत नाहीत. मंजूर रेखांकनात रस्त्यांची रुंदी, खुली जागा, प्लॉटचे क्रमांक आणि मंजुरीचा क्रमांक-दिनांक असतो. शिवाय ५०० चौरस मीटरांहून मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे किंवा आठांहून अधिक सदनिका बांधायच्या तर महारेराकडे नोंदणी लागते. हा कायदा २०१६चा, महाराष्ट्रात प्राधिकरण २०१७च्या मे महिन्यापासून काम करते. त्याच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकला की मंजुऱ्या, मुदत आणि चालू दावे दिसतात. नोंदणी म्हणजे उत्तमपणाची हमी नव्हे. पण नोंदणीच नसेल तर पुढे बोलायचे कारण उरत नाही.

आमचे दुखणे याच ठिकाणी होते. शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडू नयेत, असा १९४७चा कायदा आहे. त्याला बोलीभाषेत तुकडेबंदी म्हणतात. त्यामागचा हेतू चांगला होता. शेत इतके लहान होऊ नये की औत फिरवता येणार नाही. पण शहरे वाढली, पगारदाराला दोन गुंठेच परवडत होते, आणि कायद्याने ते नोंदवता येत नव्हते. मग नोटरीचा मार्ग निघाला. सांगलीत असा गुंठेवारीचा पसारा किती मोठा आहे हे इथल्या कोणालाही सांगायला नको. छत्रपती संभाजीनगरातही तेच. शासनाने २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि २०२१ साली त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२०पर्यंतच्या बांधकामांना व भूखंडांना वाढवून दिली. पुढे २०२५च्या नोव्हेंबरात अध्यादेश काढून निवासी क्षेत्रातल्या जुन्या तुकड्यांच्या व्यवहारांनाही वाट करून दिली.

हे ऐकून वडिलांना वाटले की आता सुटलो. पण नियमित होणे म्हणजे मालक होणे नव्हे, हे तिथल्या एका ज्येष्ठ कारकुनांनी समजावले. सरकार तुकड्याचा दोष माफ करील. विकणाऱ्याने न केलेली सही सरकार करणार नाही. नोटरी फक्त एवढेच सांगतो की या माणसाने माझ्यासमोर सही केली. त्याने जमीन हस्तांतरित होत नाही. शंभर रुपयांहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच व्हावी लागते, हे १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि १९०८चा नोंदणी कायदा सांगतात. साठेखत म्हणजे पुढे खरेदी देण्याचा करार. त्याने मालकी येत नाही. कुलमुखत्यारपत्रावर केलेली विक्री ही विक्रीच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा इसार पावती, साठेखत, मुखत्यारपत्र, नोटरी या सर्व पायऱ्या असल्या तरी घर गाठायचे ते खरेदीखताने. ते नोंदवल्यावर सूची क्रमांक दोनची नक्कल घ्यावी आणि लगेच फेरफारासाठी अर्ज द्यावा. पुष्कळ लोक खरेदीखत कपाटात ठेवतात आणि सातबाऱ्यावर जुन्याच मालकाचे नाव राहू देतात. मग तोच तुकडा दुसऱ्याला दाखवायला विकणारा मोकळा.

मुद्रांक शुल्काला लोक भितात म्हणूनही नोटरीकडे जातात. महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत यांप्रमाणे ते बदलते. ढोबळपणे पाच ते सात टक्के धरावे, आणि नोंदणी फी एक टक्का, तीही जास्तीत जास्त तीस हजार. शुल्क शासनाच्या वार्षिक मूल्य दर तक्त्यावर किंवा प्रत्यक्ष किमतीवर, जे अधिक असेल त्यावर बसते. घर स्त्रीच्या नावे घेतल्यास २०२१पासून एक टक्का सूट आहे. केवळ हिशेब म्हणून पाहिले तरी आईचे नाव घालणे फायद्याचे. वडिलांनी २००९ साली वाचवलेले शुल्क दहा-बारा हजारांचे असेल. आज तेवढे पैसे आमचे प्रवासात आणि नकलांत गेले आहेत.

आम्हाला जागा देणारे गृहस्थ २०१६ साली वारले. माणूस सरळ होता. ते असते तर एका दिवसात सही झाली असती. त्यांच्यामागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली. म्हणजे आता सहा सह्या हव्यात. मुलींची सही कशाला, असे मध्यस्थ अजूनही म्हणतो. त्याला सांगावेसे वाटते की महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलग्यांइतका हक्क दिला. त्या तारखेला वडील हयात असण्याचीही गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरवून टाकले. तेव्हा जागा घेताना विकणाऱ्याला बहिणी किती, मुली किती, हे विचारण्यात संकोच करू नये. हक्कसोडपत्र झाले असेल तर ते नोंदवलेले हवे. "त्या काही मागणार नाहीत" हे भावाचे वाक्य आहे, बहिणीचे नव्हे. यांतली एक मुलगी शिरोळ तालुक्यात दिलेली आहे. आम्ही गेलो तेव्हा तिने पाणी दिले, चहा दिला आणि मग विचारले, "तेव्हा आम्हाला कोणी विचारलं होतं का?" वडील काही बोलले नाहीत. परत येताना गाडीत म्हणाले, "ती बरोबर बोलली. आपल्या ताईलाही असंच वाटेल." 

कागदाविषयी इतके लिहिले ते स्वानुभवामुळे. पण कागद चोख असून जागा वाईट असू शकते, आणि आपल्या भागात त्याचे कारण बहुतेक वेळा पाणी असते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी चाळीस फूट आणि धोक्याची पंचेचाळीस. २००५ साली पाणी त्रेपन्न फुटांवर गेले तेव्हा जुनी माणसे म्हणाली की असे पुन्हा होणे नाही. २०१९च्या ऑगस्टात ते सत्तावन्नाच्या वर गेले. २०२१च्या जुलैत पुन्हा पंचावन्नाच्या आसपास. सोळा वर्षांत तीनदा. मारुती चौकातल्या दुकानदाराला हे आकडे पाठ असतात. विश्रामबागेकडे, जरा उंचावर राहणाऱ्याला नसतात. शामरावनगरासारख्या सखल भागात तर नदीला पूर नसतानाही नुसत्या पावसाने महिनोन्‌महिने पाणी साचून राहते, कारण त्याला जायला वाट नाही.

जलसंपदा खात्याने नद्यांच्या काठाने निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखल्या आहेत. निळी रेषा ढोबळमानाने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमध्ये बांधकामाला मनाई असते. निळ्या आणि लाल रेषांमध्ये अटींवर परवानगी मिळते. झोन दाखला घेतानाच आपला गट या रेषांच्या कोणत्या बाजूला आहे ते लेखी विचारावे. पण मला रेषेपेक्षा भिंतींवर अधिक विश्वास आहे. जागा पाहायला जानेवारीत जाऊ नये. जानेवारीत सगळीच जमीन सुंदर दिसते, हरभरा फुललेला असतो. जुलैच्या शेवटी जावे, शेजारच्या घरातल्या आजींना विचारावे, "२०१९ला पाणी कुठवर आलं होतं?" त्या भिंतीवर हात ठेवून दाखवतात. आमच्या तुकड्यावर पाणी छातीएवढे होते. पूर ओसरल्यावर वर्ष-दीड वर्ष त्या बाजूच्या जागांचे नाव कोणी काढत नाही, मग हळूहळू भाव पूर्ववत होतात. माणसाची स्मृती सातबाऱ्याइतकी टिकाऊ नसते.

पाण्याला जोडून मातीही आली. उसाची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि तिच्यावर उथळ पाया घेतला की भिंतींनाही भेगा पडतात. पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो आणि तो खर्च जागेच्या किमतीत आधीच धरून चालावे. शेजारी कोणी बोअर किंवा पाया घेतला असेल तर किती फुटांवर मुरूम लागला ते विचारावे. आणि रस्ता: "इथून जायची वहिवाट आहे" हे पुरेसे नाही. रस्ता नकाशात हवा. खरेदीपूर्वी सरकारी मोजणीचा अर्ज करून हद्दी कायम करून घ्याव्यात, खुणा रोवताना शेजारचे खातेदार हजर असावेत आणि नकाशाची 'क' प्रत आपल्याजवळ ठेवावी.

सदनिकेविषयी थोडक्यात लिहितो. भाव नेहमी चटई क्षेत्रावर काढावा, 'सुपर बिल्टअप' हा शब्द ऐकू येताच वही उघडावी. करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्याचा विकासकाला अधिकार नाही. जुनी इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र आहे का, सोसायटी झाली आहे का आणि जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे का हे पाहावे. पुष्कळ इमारतींत सदनिका लोकांच्या आणि जमीन अजून मूळ मालकाचीच असते. त्यावर मानीव अभिहस्तांतरणाचा उपाय आहे, पण तो विकत घेण्याआधी माहीत असलेला बरा.

आता अर्थशास्त्राकडे वळतो, नाहीतर सर रागावतील. राहण्यासाठी घर घेणे आणि गुंतवणूक म्हणून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, आपल्यासारख्या शहरात तीस लाखांची सदनिका घेतली आणि महिना सात हजार भाडे आले. वर्षाचे चौऱ्याऐंशी हजार. त्यातून दोन महिने ती रिकामी राहील असे धरा, घरपट्टी, सोसायटीची वर्गणी आणि रंगरंगोटी वजा करा. हातात पन्नास-बावन्न हजार उरतात. म्हणजे पावणेदोन टक्के. तीच रक्कम साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत असती तर एक लाख पंचाण्णव हजार आले असते. घेतानाच सहा टक्के शुल्क आणि तीस हजार फी, म्हणजे दोन लाख दहा हजार गेले. तेवढी किंमत वाढेपर्यंत आपण आहे त्याच ठिकाणी उभे. "दहा वर्षांत जागा दुप्पट झाली" असे लोक अभिमानाने सांगतात. चक्रवाढीने पाहिले तर ते वर्षाला सात टक्क्यांच्या थोडे वर आहे. वाईट नव्हे, पण ज्या उत्साहाने सांगतात तितके मोठेही नव्हे. कर्ज काढले असेल तर हिशेब आणखी बदलतो. वीस लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर हप्ता साधारण १७,३५० रुपये आणि एकूण फेड साडेएकेचाळीस लाखांच्या पुढे. सात हजार भाड्याने सतरा हजारांचा हप्ता फिटत नाही हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही, तरीही लोक दुसरी सदनिका घेतात.

उरते ती भाववाढीची आशा, आणि आशेला बातम्या लागतात. महामार्ग होणार, औद्योगिक वसाहत होणार, कवलापूरला विमानतळ होणार. विमानतळाचे तर मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. बातमीवर किंमत वाढते ती विकणाऱ्याची. घेणाऱ्याच्या पदरात ती बातमी जुनी होऊन पडते. राहायला जागा हवी असेल तर भाव पडेल का चढेल याची फार चिंता नको. दवाखाना, शाळा आणि बसथांबा यांचे अंतर पाहावे. केवळ पैसे गुंतवायचे असतील तर, माझ्या मते, आपल्या उत्पन्नगटातल्या माणसाने सगळी पुंजी एका तुकड्यात घालू नये, कारण अडचण आली तर जागेचा अर्धा गुंठा मोडून दवाखान्याचे बिल भरता येत नाही.

बँकेने कर्ज नाकारले की लोक पतसंस्थेकडे जातात. आम्हीही गेलो. आज वाटते की बँकेचा नकार हाच वकिलाचा फुकट सल्ला होता. तसेच रोखीचे. जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्याला आयकर कायद्याने बंदी आहे, आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय खरेदीखतात किंमत कमी दाखवली की उद्या रस्त्यासाठी जमीन गेली तर आपलाच कागद आपल्याविरुद्ध बोलतो.

आमच्या कामाची सध्याची स्थिती अशी. सहापैकी चार वारसांनी संमती दिली आहे. शिरोळच्या ताईंनी त्यांच्या वाट्याचे काही पैसे मागितले आहेत. वकिलांनी आणि वडिलांनी ते रास्त मानले आणि दिवाळीपर्यंत देण्याचे ठरले आहे. धाकटा मुलगा पुण्याला असतो, तो फोन उचलत नाही. वडील निवृत्त झाले आहेत, आम्ही अजून त्याच भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. तुकड्याच्या कोपऱ्यात आईने लावलेला नारळ पुरात आठ दिवस पाण्यात उभा होता. त्याला यंदा प्रथमच फळ धरले आहे. येत्या रविवारी पुण्याला जायचे आहे. जाताना त्यातले चार नारळ न्यावेत असे आईचे म्हणणे आहे.